डिझेल आहे म्हणून काहीही ओढेल? जुन्या पिकअपविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेत कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचे किंवा गाडीवर चढवायचे फिरते घर, घेऊन हिंडण्याची हौस लागलेल्या मंडळींमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे, आणि आता तो मराठीतही जसाच्या तसा पुढे धाडला जातो. त्याचा सारांश असा: कॅम्पर ओढायचा असेल तर नव्या गाडीवर पैसे घालवू नका, जुना डिझेल पिकअप घ्या. डिझेल इंजिन पाच लाख मैल सहज जाते, म्हणून गाडी किती चालली आहे ते पाहू नका. ‘थ्री-क्वार्टर टन’ या मध्यम-जड पिकअपच्या वर्गातले डिझेल काहीही ओढते. इंधन कमी लागत असल्याने पैसे वसूल होतात. आणि धूर गाळणारी यंत्रणा काढून टाकलेली गाडी मिळाली तर ती सोडू नका.

यातले प्रत्येक वाक्य कुठल्या तरी गाडीच्या बाबतीत कधी तरी खरे ठरलेले आहे, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. परंतु तो सर्वस्वी इंजिनाविषयी बोलतो, आणि घेणाऱ्याच्या गळ्यात मात्र चासी, पाटे, गिअरबॉक्स, ब्रेक आणि इंधनपंपासकट अख्खी गाडी पडते.

‘काहीही ओढते’ हा दावा प्रथम घेतो, कारण तो सर्वांत धोक्याचा आहे. साधारण २००६ पासूनच्या गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, दार उघडल्यावरच दिसेल असे, पिवळ्या पट्टीचे एक पांढरे स्टिकर असते. माणसे आणि सामान मिळून अमुक इतक्या पाऊंडांहून अधिक वजन कधीही होता कामा नये, असे त्यावर छापलेले असते. हाच त्या विशिष्ट गाडीचा पेलोड. जाहिरातीतला ओढण्याचा आकडा बारा-पंधरा हजार पाऊंडांचा असला, तरी कॅम्परचा जो भार हिचवरून, म्हणजे कॅम्पर गाडीला अडकवण्याच्या जोडणीवरून, गाडीवर येतो तो या स्टिकरमधूनच वजा होतो. मागून ओढायच्या साध्या ट्रॅव्हल ट्रेलरचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर येतो. पिकअपच्या हौद्यात अडकवायच्या फिफ्थ-व्हीलचा साधारण वीस टक्के, कधी त्याहूनही अधिक.

आता हिशेब मांडू. थ्री-क्वार्टर टन गटातल्या अनेक गाड्यांचे एकूण पासिंग, म्हणजे ओझ्यासकट गाडीचे मंजूर वजन, १०,००० पाऊंडांवर ठेवलेले असते. डिझेल इंजिन आणि त्याच्याबरोबर येणारा लवाजमा त्याच गाडीतल्या पेट्रोल इंजिनापेक्षा पाचशे ते आठशे पाऊंड जड असतो, आणि हे वजन पेलोडमधूनच कापले जाते. म्हणजे ओढण्याची ताकद जास्त असलेल्या गाडीची वाहण्याची क्षमता कमी, ही उलटी गोष्ट येथे खरी आहे. चार दारांच्या, फोर-व्हील-ड्राइव्ह, सगळ्या सोयींनी भरलेल्या डिझेल गाडीच्या स्टिकरवर २,००० पाऊंडांच्या आसपासचा आकडाही आढळतो. त्यातून नवरा-बायको आणि दोन मुले यांचे ५५० पाऊंड, फिफ्थ-व्हीलच्या हिचचे १५०, आणि कूलर, लाकडे, अवजारे, खुर्च्या यांचे आणखी २०० वजा केले, तर उरतात ११००. दहा हजार पाऊंडांच्या फिफ्थ-व्हीलचा गाडीवर पडणारा भार एकटाच २,००० होतो. गाडी तो ओढते, चढ चढते, चालवणाऱ्याला काही जाणवतही नाही. मागचा ॲक्सल, टायर आणि ब्रेक मात्र त्यांच्या मर्यादेपलीकडे काम करत असतात. त्याच गाडीला ७,५०० पाऊंडांचा साधा ट्रेलर मात्र बिनघोर चालतो, कारण त्याचा भार ७५० ते १,१२५ पाऊंड होतो, आणि फिफ्थ-व्हीलचा हिच नसल्याने त्यासाठी १,२५० पाऊंड उरतात.

हौद्यावर चढवायचा ट्रक कॅम्पर घ्यायचा असेल, तर प्रश्न आणखी कठीण होतो, कारण तेथे ओढणे नाहीच, सगळे वाहणेच आहे. कंपनीच्या माहितीपत्रकातले वजन कोरडे असते. एक गॅलन पाणी ८.३४ पाऊंड भरते, म्हणून ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पाऊंड वाढले. गॅस, बॅटरी, भांडीकुंडी, कपडे निराळे. अडीच हजार पाऊंडांचा म्हणून विकलेला कॅम्पर निघण्याच्या सकाळी साडेतीन हजारांच्या जवळ गेलेला असतो. पाट्यांखाली हवेचे फुगे बसवून घ्या म्हणजे झाले, असे यावर सांगितले जाते. फुग्यांनी गाडीचा मागचा भाग बसत नाही, एवढेच. ॲक्सलची आणि गाडीची मर्यादा तीच राहते आणि स्टिकरही तेच राहते.

ओढण्याच्या जाहिरातींतल्या आकड्यांविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. आज ज्या एसएई जे२८०७ या समान पद्धतीने हे आकडे काढले जातात, आणि ज्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ भर उन्हाळ्यातल्या स्थितीत चढावा लागतो, ती मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या पिकअपना २०१० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याआधी प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने आकडा ठरवत असे. म्हणून २००४ च्या गाडीचा आकडा २०१८ च्या गाडीशेजारी ठेवून केलेली तुलना पोकळ आहे.

चढाच्या बाबतीत मात्र डिझेलची बाजू न्याय्य आहे. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे; तेथे साधे पेट्रोल इंजिन विरळ हवेमुळे ताकदीचा मोठा हिस्सा गमावते आणि टर्बो असलेले डिझेल फारसे डगमगत नाही. पण घाट चढला की उतरावाही लागतो. डिझेल इंजिनात हवा अडवणारा पडदा नसल्यामुळे पेट्रोल इंजिनासारखा गिअरवरचा आपसूक रोध त्यात मिळत नाही. डॉजच्या पिकअपमधल्या कमिन्स कंपनीच्या ६.७ लिटर डिझेल इंजिनाबरोबर २००७ च्या मध्यापासून कारखान्यातूनच एक्झॉस्ट ब्रेकची, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी रोखण्याची, सोय आली. ज्या जुन्या गाड्यांची सल्ला देणारे तारीफ करतात, त्यांतल्या बहुतेकींत ती मुळात नाही. नऊ हजार पाऊंड मागे लावून सहा-सात मैलांचा उतार नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्याला, डिस्क तापल्याचा वास आला की हे कळते. ज्याला अशी गाडी घ्यायची असेल त्याने एक्झॉस्ट ब्रेक आणि ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर यांचा खर्च किमतीत धरूनच भाव करावा.

‘इंजिन पाच लाख मैल जाते’ या दाव्याचा उगम बहुतांशी कमिन्सच्या ५.९ लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनात आहे. डॉजने ते १९८९ पासून पिकअपमध्ये घातले. याच घराण्याचे इंजिन जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून निघून टाटांच्या ट्रकांत धावले आहे, आणि कोथरूडमध्ये १९६२ पासून कमिन्सचे नाव ऐकत आलेल्या पुणेकराला तर त्यावर विश्वास ठेवायला वेगळे कारण लागत नाही. तो विश्वास अनाठायीही नाही. पण त्याच इंजिनामागे डॉजने जोडलेले त्या काळचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओझ्याखाली कितीदा उघडावे लागले, हे त्या गाड्यांचा कोणताही जुना मेकॅनिक सांगेल. शिवाय त्या ५.९ मध्येही सगळी वर्षे सारखी नाहीत: १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या २४ व्हॉल्व्हच्या आवृत्तीत व्हीपी-४४ नावाचा इंजेक्शन पंप आहे, आणि टाकीकडून डिझेल पुरवणारा छोटा पंप कमजोर झाला की तो कोरडा पडून जातो.

इतर कंपन्यांत तर वर्ष बदलले की नशीब बदलते. फोर्डचे ७.३ लिटर पॉवरस्ट्रोक, जे २००३ पर्यंत मिळत होते, ते आवाजी, मंद आणि चिवट. त्याच्या जागी आलेले ६.० लिटर इंजिन, २००३ ते २००७, दिसायला तीच गाडी, पण तिचे दुखणे सर्वश्रुत आहे. ऑइल थंड करणारा कूलर आतून गाळाने तुंबतो. त्यामुळे पुढच्या ईजीआर कूलरला, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणाऱ्या कूलरला, पुरेसे कूलंट मिळत नाही. तो फुटला की कूलंट इंजिनात जाऊन वाफ होते, आणि अखेरीस हेड गॅस्केट जाते. हे ओळखता येते. बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीच्या झाकणाभोवती वाळलेला पांढरट थर आहे का ते पाहावे, आणि स्कॅनर लावून गाडी हायवेवर तापू द्यावी; ऑइल आणि कूलंट यांच्या तापमानात १५ अंश फॅरनहाइटहून अधिक अंतर सतत राहिले, तर कूलर तुंबला आहे असे समजावे. जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स या डिझेल इंजिनामध्ये २००१ ते २००४ च्या पहिल्या पिढीत डिझेल फवारणारे नोझल व्हॉल्व्ह कव्हरच्या आत बसवलेले होते, म्हणून आठ नोझल बदलण्याच्या मजुरीनेच डोळे पांढरे होतात. कंपनीने त्या नोझलांची हमी सात वर्षे किंवा दोन लाख मैलांपर्यंत वाढवली होती, पण ती मुदत केव्हाच संपली.

नव्या गाड्या सुटल्या असेही नाही. बॉशचा सीपी-४ हा उच्चदाबाचा इंधनपंप फोर्डच्या ६.७ मध्ये २०११ पासून आणि ड्युरामॅक्समध्ये २०११ ते २०१६ पर्यंत वापरला गेला. तो आतून झिजून मोडला तर धातूचा चुरा नळ्यांतून नोझलांपर्यंत पोहोचतो, आणि पंपाबरोबर सगळी इंधनयंत्रणा बदलावी लागते. हा खर्च आठ-दहा हजार डॉलरांच्या घरात जातो. रॅमने (डॉजच्या पिकअपचे आताचे नाव) २०१९ आणि २०२० च्या गाड्यांत हाच पंप घातला आणि नंतर त्या परत बोलावून जुना सीपी-३ बसवून दिला. मैलांच्या आकड्यावरून यातले काहीही दिसत नाही, म्हणून ‘किती चालली ते पाहू नका’ यापेक्षा ‘कोणत्या वर्षीचे कोणते इंजिन ते आधी पाहा’ असे म्हणायला हवे होते. तसेच २०१० आणि त्यापूर्वीच्या मॉडेलांना विक्रीच्या वेळी ओडोमीटरचा आकडा लिहून देण्याच्या संघीय बंधनातून सूट आहे, त्यामुळे त्या गाड्यांवरचा आकडा हा विकणाऱ्याचा शब्द समजावा.

पैसे वसूल होण्याच्या दाव्याला फार वेळ द्यायचे कारण नाही. कॅम्पर लावून वर्षाला ३,००० मैल फिरणारे कुटुंब धरा. डिझेलने गॅलनला १२ मैल आणि पेट्रोलने ९ मैल मिळाले, तर २५० गॅलन डिझेल विरुद्ध ३३३ गॅलन पेट्रोल असा सामना होतो. डिझेल ३.८० आणि पेट्रोल ३.२० डॉलर धरले, तर वर्षाची बचत सुमारे ११५ डॉलर. डिझेलवरचा संघीय करच गॅलनमागे २४.४ सेंट आहे, पेट्रोलवर १८.४. आणि बारा ते पंधरा क्वार्ट ऑइल, इंधनाचे फिल्टर, दोन बॅटऱ्या हा डिझेलचा नेहमीचा खर्च ती बचत गिळून टाकतो.

उरला धुराचा मुद्दा, आणि येथे सल्ला चुकीच्या पलीकडे जाऊन बेकायदा होतो. २००७ च्या नियमांनंतर या गाड्यांत काजळी गाळणारा फिल्टर आला आणि २०१० च्या नियमांनंतर बहुतेकींत धुरातले विषारी वायू कमी करणारे युरियाचे द्रावण. ही यंत्रणा काढणे क्लीन एअर ॲक्टच्या विरुद्ध आहे. पर्यावरण संस्था ईपीएने २०२० मध्ये काढलेल्या अंदाजानुसार आदल्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून ती काढली गेली होती, म्हणजे बाजारात अशी गाडी समोर येण्याची शक्यता चांगलीच आहे. कॅलिफोर्नियात १९९८ आणि नंतरच्या, १४,००० पाऊंडांपर्यंतच्या डिझेल गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी असते, आणि बे एरियातल्या एखाद्या कुटुंबाने टेक्सासहून अशी गाडी आणली तर ती तेथे पास होणार नाही. यंत्रणा पुन्हा बसवण्याचा खर्च काही हजारांत जातो. शिवाय ज्याने यंत्रणा काढली त्याने बहुधा त्याच बैठकीत इंजिनाचे ट्यूनिंगही वाढवलेले असते, आणि त्याचा मार गिअरबॉक्सने व हेड गॅस्केटने खाल्लेला असतो. मला विचाराल तर ‘डिलीट’ हा शब्द, म्हणजे यंत्रणा काढल्याची कबुली, जाहिरातीत दिसताच पुढची जाहिरात उघडावी.

मात्र यंत्रणा शाबूत असलेली गाडीही सर्वांना मानवत नाही. काजळीचा फिल्टर स्वच्छ व्हायला इंजिन बराच वेळ चांगले तापावे लागते. आठवडाभर मुलांची शाळा आणि किराणा यांच्या दोन-दोन मैलांच्या फेऱ्या आणि वर्षातून चारदा कॅम्पर, असा वापर असेल तर तो फिल्टर तुंबत राहतो.

एवढे करूनही जुने डिझेलच घ्यायचे असेल, तर गाडी पाहायला जाताना विकणाऱ्याला ती सुरू न करता ठेवायला सांगावे आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री करावी. थंड इंजिन सुरू करून धुराचा रंग पाहावा, मग ऑइल भरण्याचे झाकण सैल करून उलटे ठेवावे. थोडी वाफ येणे चालते, पण झाकण उडून पडत असेल तर पिस्टनच्या रिंगा संपल्या आहेत. मिशिगन, ओहायो, न्यू यॉर्ककडची गाडी असेल तर खाली झोपून चासी आणि ब्रेकच्या नळ्या पाहाव्यात, कारण हिवाळ्यातले रस्त्यावरचे मीठ इंजिनाच्या कितीतरी आधी त्यांना खाते. शेवटी गाडी ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर न्यावी. थोड्या डॉलरांत पुढच्या व मागच्या ॲक्सलचा वेगळा भार छापून मिळतो, आणि पूर्वीच्या मालकाने चढवलेले जड बंपर, टूलबॉक्स, जादा टाकी यांनी पेलोड किती खाल्ला आहे ते स्टिकरपेक्षाही नेमके कळते.

बारा हजार पाऊंडांचे फिफ्थ-व्हील घेऊन दरवर्षी रॉकी पर्वतांत हजारो मैल फिरणाऱ्याला डिझेलच हवे, आणि तेही ‘वन-टन’, म्हणजे थ्री-क्वार्टर टनाच्या वरच्या वर्गातले, शक्य तर मागे चार चाकांचे, एक्झॉस्ट ब्रेकसह, दुरुस्तीसाठी आठ-दहा हजार डॉलर बाजूला ठेवून. सात हजारांचा ट्रेलर घेऊन उन्हाळ्यात तीन-चार वेळा बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला मात्र २०२० नंतरचा पेट्रोलवरचा थ्री-क्वार्टर टन, म्हणजे फोर्डचे ७.३ किंवा जनरल मोटर्सचे ६.६ लिटर इंजिन असलेला, पेलोडही जास्त देईल आणि डोकेदुखीही कमी.