देणगी आली, भाडं थकलं

गेल्या दिवाळीत आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर चकल्या-करंज्यांच्या फोटोंमधून एक मेसेज डोकावला. कराडजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या मित्राने लिहिलं होतं, ‘साइट बंद पडली. कुणाकडे जुन्या फायली असतील तर पाठवा.’ साइट म्हणजे त्याने आणि आणखी चार शिक्षकांनी उभं केलेलं मराठी माध्यमाच्या गणिताचं भांडार. सरावपत्रिका, अपूर्णांकांची कागदी कोडी, भूमितीच्या हलत्या आकृत्या. कुणीही उतरवून घ्यावं, आपल्या वर्गाला साजेल तसं बदलावं, छापावं. सर्व्हरचं भाडं थकलं, डोमेनचं नूतनीकरण राहिलं आणि सगळं गेलं.

मला लाज वाटली. सहा वर्षांपूर्वी ती साइट सुरू झाली तेव्हा पहिले पंचवीस हजार मीच नॉर्वेतल्या बर्गनहून पाठवले होते. ग्रुपवर कौतुक झालं, कुणीतरी हाराचा इमोजी टाकला. त्यानंतर ‘पुढच्या वर्षीचं काय?’ असं मी एकदाही विचारलं नाही. आणि माझं पोट भरतं ते देखभालीवर! उत्तर समुद्राच्या तळाशी बसवलेल्या तेलविहिरींच्या झडपा तपासणं हे माझं काम. आमच्याकडे झडप विकत घेण्याआधी तिच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या दुरुस्तीचा हिशोब मांडतात. गावच्या शाळेला पैसे पाठवताना ही अक्कल मी ऑफिसातच ठेवून आलो होतो.

त्या मेसेजवर दोन दिवस चर्चा रंगली. एक बाजू म्हणाली, विद्यादान आहे, पैशाचं नावही काढू नका. दुसरी म्हणाली, जाहिराती लावा किंवा महिना वीस रुपये घ्या. तिसऱ्याने कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीची, आठवण काढली. मित्र काहीच बोलला नाही.

फी लावण्याचा मार्ग कुठे चालतो ते आपल्याकडेच दिसतं. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाचे अभ्यासक्रम बघायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र पडतात. इंजिनिअरिंगच्या पोराला त्या कागदाची किंमत आहे, म्हणून तो भरतो. सातवीतल्या मुलीला अपूर्णांक समजल्याचं प्रमाणपत्र कोण विकत घेणार? जिथे विकायला असं काही नसतं, तिथे शेवटी दारालाच कुलूप लागतं. अमेरिकेत 2007 साली निघालेली फ्लॅट वर्ल्ड नॉलेज नावाची कंपनी कॉलेजची पुस्तकं ऑनलाइन फुकट वाचू द्यायची आणि छापील प्रतींवर कमवायची. हिशोब जमेना, तेव्हा 2013 पासून तिने फुकट वाचन बंद केलं.

मी राहतो त्या देशाने ही गाठ वेगळ्या ठिकाणी सोडवली. नॉर्वेत अकरावी ते तेरावीच्या शाळा ‘फिल्केस्कोमुने’ चालवतात, म्हणजे ढोबळमानाने आपली जिल्हा परिषद. पूर्वी या वयाच्या मुलांना पुस्तकं विकत घ्यावी लागत. 2007 पासून टप्प्याटप्प्याने ती मोफत झाली आणि त्यासाठीचा निधी सरकारने जिल्ह्यांना दिला. तेव्हाच्या 19 जिल्ह्यांपैकी ऑस्लो सोडून बाकी 18 जिल्ह्यांनी ठरवलं, की यातला सगळा पैसा प्रकाशकांकडे न देता काही वाटा एकत्र करायचा आणि स्वतःचं मुक्त साहित्य तयार करायचं. त्यातून एनडीएलए नावाची संस्था उभी राहिली. आज माझी मुलगी तिच्याच साइटवर समाजशास्त्र वाचते. त्यातला बहुतेक मजकूर मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे कुणीही तो वापरावा, बदलावा, नॉर्वेजियन भाषेच्या दोन्ही लेखनरूपांत आहे.

मला यात आवडतं ते असं, की नवा पैसा कुणी मागितलाच नाही. पुस्तकांवर जो खर्च होणारच होता, त्यातलाच एक वाटा वळवला. आणि तो दरवर्षी येतो. कुणा दानशूराचा मूड किंवा मंत्र्याचं खातं बदललं म्हणून तो आटत नाही.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. नॉर्वेजियन माणसाला ‘दुग्नाद’चा भारी अभिमान. दुग्नाद म्हणजे श्रमदान. वसंतात आमच्या सोसायटीत सगळे खराटे घेऊन अंगणात उतरतात, मग वॉफल आणि कॉफी. मला वाटायचं, शाळेचं साहित्यही असंच होत असेल. नाही! एनडीएलएसाठी लिहिणाऱ्या शिक्षकाच्या तासिका शाळेकडून विकत घेतल्या जातात. आठवड्यातले तेवढे तास तो शिकवत नाही, लिहितो आणि दुरुस्त करतो. बदली शिक्षकाचा खर्च भरून निघतो. श्रमदान अंगणापुरतं.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं असंही नाही. प्रकाशक संघटना भडकली. सरकारी पैशातून आमच्या धंद्याला स्पर्धा उभी करता, ही बेकायदा सरकारी मदत आहे, अशी तिची तक्रार होती. युरोपीय नियमांच्या पालनावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेने ती आधी फेटाळली, पण 2012 साली एफ्टा या नॉर्वेसारख्या युरोपीय संघाबाहेरच्या देशांच्या गटाच्या न्यायालयाने तो निर्णय रद्द करून प्रकरण पुन्हा उघडायला लावलं. प्रकाशकांचं म्हणणं मला अगदीच पोकळ वाटत नाही. इतिहासाचं एकच पुस्तक, तेही सरकारी पैशाचं, ही कल्पना मलाही टोचते. म्हणूनच सगळा नाही, थोडाच वाटा वळवणं शहाणपणाचं होतं.

ग्रुपवर हे लिहिल्यावर मित्राने तोंड उघडलं. ‘लेका, तुमच्याकडं तेल आहे.’

आहे. पण नॉर्वेची लोकसंख्या साधारण 55 लाख. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते. पाठ एकदा नीट तयार झाला की तो वाचणारे जितके जास्त, तितका डोईचा खर्च कमी. तेल त्यांच्याकडे असेल, वाचक आपल्याकडे आहेत. शिवाय सार्वजनिक पैशाची पुस्तकं आपल्याकडे नव्याने सुरू करायची नाहीत. बालभारती 1967 पासून ती काढते आहे, पहिली ते आठवीपर्यंत ती सरकारी शाळांत मोफत मिळतात, पीडीएफ कुणालाही उतरवता येतात.

अडतं ते पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर. तिथे छापलेलं असतं, की सर्व हक्क मंडळाकडे, म्हणजे बालभारतीकडे, आहेत आणि लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. म्हणजे पुस्तक फुकट आहे, पण मोकळं नाही. नंदुरबारच्या शिक्षकाने त्यातला धडा पावरी या तिथल्या आदिवासी बोलीत उतरवून, चित्रं बदलून शेजारच्या शाळेला दिला तर नियमाने तो चुकतो. गाइडवाल्यांना आवर घालायला ती ओळ हवी, हे मला मान्य आहे. मग विक्रीसाठी परवानगी सक्तीची ठेवा आणि शिक्षकाला मोकळं सोडा. त्याला खर्च शून्य.

खर्च आहे तो माणसांच्या वेळेचा. दहा वर्षांपूर्वी ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द गाजत होता. किती शिक्षकांनी रात्री जागून ब्लॉग काढले, ॲप बनवली! त्यातली बरीच आज उघडत नाहीत. 2023-24 मध्ये प्राथमिकची पुस्तकं वहीची पानं जोडून चार भागांत आली, पुढे 2025 मध्ये तो प्रयोग गुंडाळला. दोन्ही वेळा मित्राच्या सरावपत्रिकांवरचे पान क्रमांक चुकले. दोन्ही वेळा त्याने ते घरी बसून, ऑनलाइन माहिती भरण्याची कामं संपल्यावर दुरुस्त केले. तिसऱ्यांदा ताकद राहिली नाही, असं तो फोनवर म्हणाला. भाडं थकलं हे निमित्त होतं.

आपल्याकडे अशी कामं एकट्या माणसाच्या हाडांवर उभी राहतात आणि मग आपण त्याचं चरित्र लिहितो. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलहून डॉक्टरेट घेऊन परतले आणि मराठी ज्ञानकोशासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली, शेअर विकले, वर्गणीदार जमवत हिंडले. पैशाची चिंता आधी करणारा असा संपादक मराठीत विरळा. तरी त्यांचे शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले. त्यांचा ज्ञानकोश आज इंटरनेटवर फुकट वाचता येतो.

आम्हा परदेशातल्यांची खोड वेगळी. आम्हाला उद्घाटन आवडतं. संगणक कक्ष, दारावर संगमरवरी पाटी, व्हिडिओ कॉलवर टाळ्या. सर्व्हरच्या भाड्याला पाटी लावता येत नाही.

जानेवारीपासून ग्रुपमधले अकरा जण महिना तीनशे रुपये देतो आहोत, बँकेला कायमची सूचना देऊन. साइट परत सुरू झाली आहे, भूमितीच्या निम्म्या आकृत्या मात्र सापडल्या नाहीत. मित्राचं मागणं अजून तसंच आहे. आठवड्यातल्या दोन तासिका मोकळ्या हव्यात, लेखी आदेशाने. ते अकरा जणांच्या तीनशे रुपयांत बसत नाही. त्याने केंद्रप्रमुखांकडे अर्ज दिला आहे. सोबत मी एनडीएलएच्या पद्धतीवर मराठीत दोन पानं लिहून जोडली. त्यावर अजून कुणाचा शेरा आलेला नाही.