उपाशीपोटी

परवा एकादशीला सकाळी सदाशिव पेठेतल्या एका लॅबमध्ये टोकन नंबर २३ घेऊन बसलो होतो. रात्री साडेआठपासून पोटात फक्त पाणी. समोर पाटी : 'उपाशीपोटी म्हणजे उपाशीपोटी. चहासुद्धा नाही. वाद घालू नये.'

वाद घालायला नंबर २२ हजर होते. सत्तरीचे, डोक्याला कानटोपी, मांडीवर कापडी पिशवी.

"काका, काही खाल्लं नाहीत ना?" सुई हातात घेऊन मुलीनं विचारलं.

"छे! कडक उपास. सकाळी वाटीभर खिचडी घेतली, बास."

सुई तिथंच थांबली. "काका, साबुदाणा नाही चालत."

"उपासाला साबुदाणा चालत नाही? कुठल्या गावच्या तुम्ही?"

"फास्टिंगला काहीच खायचं नसतं."

"मी जेवलोय कुठे? खिचडी म्हणजे फराळ. पाटीवर 'फराळ करू नये' असं लिहिलंय का? दाखवा."

पाटीवर तसं खरंच नव्हतं. मुलीनं पाटीकडे पाहिलं, काकांनी माझ्याकडे. "तुम्ही सांगा हो, तुम्ही सुशिक्षित दिसता."

वीस मिनिटं हे चाललं. माझ्या पोटातल्या कावळ्यांचा घसा तोवर ओरडून ओरडून बसायला आला होता.

चार वर्षं मधुमेह घेऊन या शहरात राहतोय. डॉ. दीक्षितांच्या पद्धतीनं दोनदाच जेवतो, दर वेळी ५५ मिनिटांत आटोपतो. तेही डॉक्टरांना विचारून आणि गोळी कमी करून घेऊन, कारण काही गोळ्या तशाच चालू ठेवून उपाशी राहिलं तर साखर ७० च्या खाली जाते आणि घाम फुटतो. आमच्या सोसायटीतली निम्मी मंडळी याच मार्गाची, उरलेली दर दोन तासांनी खाणारी. लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलत नाहीत. पण दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर एकमत आहे : चहा गुळाचा असला की शुगरवाल्यांना चालतो. रक्तात उतरल्यावर गूळ आणि साखर एकमेकांना ओळखही देत नसावेत! आणि ते 'एकानं काय होतंय'. एक मोदक, एक पुरणपोळी, एक पेढा. पाय मोडलेल्याला 'एकच उडी मारा' असं कोणी म्हणत नाही. ही सगळी 'एकं' एचबीएवनसी या सरासरी साखरेच्या तपासणीत तीन महिने जमा राहतात आणि बोलणी मी खातो.

असो. माझं रक्त काढून झालं. आता खाऊन बरोबर दोन तासांनी यायचं होतं. माझा डबा, दोन उकडलेली अंडी आणि कोशिंबीर, घरी ओट्यावर राहिलेला. नंबर २२ नी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "जेवणानंतरच्या तपासणीसाठी हिनं दिला होता. माझी तर आज रद्दच. वाया कशाला घालवायची?"

खिचडी मोकळी होती, तुपावर परतलेली, वर ओलं खोबरं. मी हो म्हणालो याचा राग अजून आहे, पण कोणावर ते ठरत नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आला. उपाशीपोटी ११८, खाल्ल्यावर २४१. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय खाल्लं होतंत?"

"काही नाही," मी म्हणालो, "उपास होता."