नव्वद मिनिटांचा गुलाल

मिरजकर तिकटीवर चहा अजून उकळायचा होता, तोवर सच्या सुरू. आज सापडला बिचारा पम्या. त्याचा गुन्हा एवढाच, की सच्याच्या मोबाइलमध्ये फुटबॉलच्या सट्ट्याच्या भावात डोकावून त्यानं विचारलं, "ते २.१० म्हणजे काय रं?"

"सोपं हाय भावा. शंभर लावलंस, घरची टीम जिंकली, तर दोनशे धा परत. ड्रॉला ३.३०, भायेरच्या टीमला ३.५०. आपण फक्त व्हॅल्यू बघायची."

व्हॅल्यू हा शब्द सच्या मेव्हण्याकडून शिकलाय. बायकोनं आणलेल्या कोथिंबिरीतसुद्धा त्याला व्हॅल्यू दिसते.

बापू पिग्मी गोळा करतात. पावतीपुस्तकाच्या पाठीवर त्यांनी पेन टेकवलं. "शंभराला २.१० नं भाग. ह्या भावानं जिंकायची शक्यता ४७.६ टक्के. मग ३.३० नं, ३०.३. ३.५० नं, २८.६. कर बेरीज."

पम्यानं बोटं मोडत केली. "एकशेसाडेसहा?"

"तिन्हीतलं एकच होणार न्हवं? मग बेरीज शंभर पायजे. वरचं साडेसहा कुणाचं?"

"बुकीचं."

"मॅच सुरू व्हायच्या आधीच एक गोल खाल्लास."

सच्या हलला नाही. "म्हणून तर मी चार मॅचा जोडून लावतो. भाव गुणला जातोय."

"कातर बी गुणली जातीय, खुळ्या! एकेका मॅचला शंभरातलं सरासरी ९४ परत. चार गुंफल्यास की ७८. आमच्या पतसंस्थेनं एवढं कापलं तर लोक शटर उचकटतील."

"आणि इंग्लंडातली लेस्टर? लीग जिंकायला एकाला ५००० भाव होता. २०१६ ला जिंकली का न्हाई?"

"जिंकली. पण लावलेल्यातल्या कैकांनी सीझन संपायच्या आत थोडक्या पैशावर सौदा मोडून घेतला. तू तर दिवाळीतच मोडून मटण आणलं असतंस."

इथं सच्यानं मटणावरून जुनं प्रकरण उकरलं: तालमीच्या मॅचवर लागलेली मिसळ, जी म्हणे मी अजून दिलेली नाही. दिली होती. कट जास्त मागितला तो यानंच, पण ते असो.

"२०२५ च्या ऑगस्टात कायदा आला," बापू म्हणाले. "पैशाचं ऑनलाइन खेळ बंद. तुझं ॲप गेलं. मग आता हे कशावर बघालायस?"

"मित्राचा आयडी हाय."

"उद्या मित्रानं बुडवलं तर कुठल्या चौकीत सांगणार? 'साहेब, माझं सट्ट्याचं पैसं द्यायला सांगा' म्हणून?"

पम्याचा चहा तोवर निवला. मला मात्र राहवेना. १८ डिसेंबर २०२२ ची रात्र मी बोलूनच टाकली. कतारची वर्ल्डकप फायनल. सच्यानं अर्जेंटिनावर पाच हजार लावलेले. ७९ व्या मिनिटापर्यंत दोन-शून्य, हा खुर्चीवर उभा. मग फ्रान्सच्या एम्बापेनं ८० आणि ८१ व्या मिनिटाला दोन मारले, हा खुर्चीखाली. एक्स्ट्रा टाइममध्ये तीन-तीन, मग पेनल्टीवर अर्जेंटिना. सच्यानं पेठेत गुलाल उधळला, हलगीवाल्याला पाचशे दिले, दोघांना खांद्यावर घेऊन नाचला. रात्री एकला मोबाइल उघडला, तर पैसे गेलेले.

"का? जिंकली की अर्जेंटिना!" पम्या.

"त्या भावात नव्वद मिनिटं धरतात," बापू म्हणाले, "आणि वरचा इंज्युरी टाइम. पुढचा एक्स्ट्रा टाइम न्हाई, पेनल्टी न्हाई. दोन-दोनला ड्रॉ. मेस्सीनं कप उचलला, ह्यानं ड्रॉ!"

चहावाल्या अण्णांच्या हातातली गाळणी हलायला लागली. पम्या तर कट्ट्यावरून घसरला. सच्या लालबुंद. "नियम बारीक अक्षरात होता!"

"गुलाल मात्र ठळक होता," मी म्हटलं.

तेवढ्यात सच्याच्या मोबाइलवर टिंग वाजलं. टेलिग्रामवरचा कुणी गुरू उद्याची 'शंभर टक्के' टीप ४९९ ला देत होता.

"ह्यो अर्ध्या लोकांना एक टीम सांगतोय, अर्ध्यांना दुसरी," बापू म्हणाले. "जी अर्धी जिंकतील ती म्हणणार, गुरू पोचलेला हाय. तुला कुठल्या अर्ध्यात टाकलंय?"

सच्या काही बोलला नाही. बापूंनी पावतीपुस्तक उलटं केलं. "बरं, तुझी चार दिवसांची पिग्मी राहिलीय."

"उद्या देतो. मॅच झाली की."

अण्णांनी चहाचे पैसे आधी मागून घेतले.