चार चौकोनांनी दिलेला पाव-पाव हिस्सा

गेल्या आठवड्यात वडगावला बहिणीकडे गेलो होतो. चपला काढतोय तोवर भाच्यानं मोबाईल समोर धरला. "मामा, बघा की, हे चॉकलेट संपंनाच!"

व्हिडिओ असा: चार उभ्या रांगा, सहा आडव्या ओळी, असं २४ चौकोनांचं चॉकलेट. त्यावर एक तिरका काप. वरच्या भागाचे दोन तुकडे करून त्यांची अदलाबदल. एक चौकोन उरतो, तो बाजूला काढला तरी चॉकलेट पुन्हा पूर्ण! खाली मजकूर: "रोज एक चौकोन खा, चॉकलेट तेवढंच राहील. गणितज्ञांनी हे १९२४ सालीच सिद्ध केलंय." त्याच दिवशी हा मजकूर मला आणखी तिघांकडून आला, त्यातले एकजण गणित शिकवतात. म्हणून हे लिहायला बसलो.

पहिला दावा, "चॉकलेट तेवढंच राहतं." राहत नाही. तो तिरका काप डावीकडून उजवीकडे जाताना बरोबर एक घर वर चढतो. चार रांगांत एक घर, म्हणजे दर रांगेला पाव. कापाच्या वरचा भाग उभा चिरला की डावीकडे एका रांगेचा तुकडा मिळतो आणि उजवीकडे तीन रांगांचा. आता अदलाबदल करा. तीन रांगांचा तुकडा एक घर डावीकडे सरकतो, तेव्हा उतारावरून पाव घर खाली येऊन बसतो. एका रांगेचा तुकडा तीन घरं उजवीकडे जातो, तेव्हा पाऊण घर वर चढतो. त्याच्या माथ्यावरचा एक चौकोन काढला की तोही पहिल्यापेक्षा पाव घर खालीच राहतो. दोन्ही माथे एका रेषेत येतात आणि आपल्याला वाटतं, झालं पूर्ण. पण उंची आता सहा नाही, पावणेसहा आहे. ४ गुणिले ५.७५ म्हणजे २३. काप ज्या ओळीतून गेला त्या ओळीतल्या चारही चौकोनांनी पाव-पाव हिस्सा दिला आणि त्यातून तुमचा 'फुकटचा' चौकोन तयार झाला. मला हे गणित फार देखणं वाटतं. चोरी एकाच जागी झाली असती तर कुणालाही दिसली असती. चौघांत वाटली गेल्यामुळे दिसत नाही.

"पण व्हिडिओत तर उंची कमी झालेली दिसत नाही." बरोबर, कारण अशा बहुतेक व्हिडिओंत तुकडे सरकतानाच कापाजवळची कडा हळूच ताणलेली असते. हालचालीकडे लक्ष असताना ते निसटतं. व्हिडिओ सुरुवातीला आणि मधोमध थांबवून त्या एका ओळीवर पट्टी धरा. भाच्याला मी पुठ्ठाच कापायला लावला: दोन सेंटिमीटरचा एक चौकोन, म्हणजे ८ बाय १२ चा आयत. तुकडे जुळवल्यावर उंची भरली साडेअकरा. त्यानं तीनदा मोजली.

"रोज एक खाल्लं तरी चालेल" हे यातच निकालात निघतं. चार दिवसांत एक अख्खी ओळ गेलेली असते.

१९२४ चा उल्लेख मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. त्या वर्षी बानाख आणि तार्स्की या पोलिश गणितज्ञांनी खरोखर एक चकित करणारं प्रमेय मांडलं: भरीव गोलाचे मोजके भाग करून, ते फक्त फिरवून-सरकवून तेवढेच दोन गोल जुळवता येतात. पण ते भाग इतके विस्कळीत बिंदुसंच असतात की त्यांना घनफळच ठरवता येत नाही. कुठल्याही सुरीनं तसे तुकडे होत नाहीत. शिवाय ती गोष्ट त्रिमितीतली. सपाट आकृतीचे मोजके तुकडे करून, ते नुसते हलवून क्षेत्रफळ वाढवता येत नाही, हे खुद्द बानाखच्याच कामातून निघतं. खानापूरकडे भाताच्या खाचरांचे बांध कितीही सरकवा, ४० गुंठ्यांचे ४१ होत नाहीत.

चॉकलेटच्या या युक्तीचं नातं बानाख-तार्स्कीशी नाहीच. ते आहे १९५३ मध्ये पॉल करी या न्यूयॉर्कच्या हौशी जादूगारानं काढलेल्या त्रिकोणाच्या कोड्याशी. तिथेही तेच तुकडे फिरवले की एक चौकोन गायब होतो, कारण तिरपी कडा सरळ नसतेच. एका तुकड्याचा चढ ३/८, दुसऱ्याचा २/५. म्हणजे ०.३७५ आणि ०.४. एवढा बारीक बाक डोळ्याला कळत नाही.

पुठ्ठा आवरताना भाच्यानं विचारलं, "मामा, चारच्या जागी दहा रांगा घेतल्या तर?" मग प्रत्येक चौकोन एक दशांशच देईल आणि उंची दोन मिलिमीटरनं घटेल. तो नवा पुठ्ठा शोधायला आत गेला.