भिंती पाडल्याने तरुण कर्मचारी टिकतात का?

‘तरुण कर्मचारी हवे असतील तर कार्यालयातील भिंती पाडा, प्रत्येकाचे ठरलेले टेबल काढून टाका, रंग वापरा आणि एखादे खेळाचे टेबल ठेवा, नव्या पिढीला केबिन नको, मोकळेपणा हवा असतो.’ अशा आशयाचा सल्ला व्यवस्थापकांमध्ये आणि अंतर्गत सजावटकारांमध्ये सतत फिरत असतो. त्यातील एकेक विधान वेगळे काढून तपासायला हवे, कारण या सल्ल्यावर मोठा खर्च होतो आणि एकदा पाडलेली भिंत सहसा पुन्हा बांधली जात नाही.

नव्या पिढीच्या गरजा मुळातच वेगळ्या असतात, हे या सल्ल्यामागचे गृहीतक. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२० मध्ये याच प्रश्नावर अहवाल प्रसिद्ध केला आणि पिढ्यांच्या वर्गवारीवर कर्मचारीधोरण बेतण्यास संशोधनाचा पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष काढला. अडचण पद्धतीतच आहे. पंचविशीतील आणि पन्नाशीतील कर्मचाऱ्यांची उत्तरे वेगळी आली, तरी तो फरक पिढीचा आहे, वयाचा आहे की त्या काळातील परिस्थितीचा, हे एकाच वेळी केलेल्या पाहणीतून सांगता येत नाही. तरुणांची परिस्थिती मात्र अनेकदा खरोखर वेगळी असते: घर लहान किंवा इतरांबरोबर वाटून घेतलेले, कामाचा अनुभव थोडा, आणि हातात अधिकार नसल्यामुळे ये-जा होणाऱ्या वाटेवरची खुर्ची वाट्याला आलेली. अशा माणसाला शांत जागेची गरज इतरांपेक्षा अधिक असते.

भिंती गेल्या की लोक एकमेकांशी बोलू लागतात, हे विधान सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत कच्चेही. मुळात ही कल्पना नवी नाही. जर्मनीतील क्विकबोर्नर या कार्यालय-रचनेच्या सल्लागार गटाने १९५० च्या दशकाच्या अखेरीसच मोठ्या, विनाभिंतींच्या कार्यालयांचा पुरस्कार केला होता, म्हणजे आज ‘तरुणांची आवड’ म्हणून जे विकले जाते ते त्यांच्या आजोबांच्या काळातील आहे. ईथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांतील कर्मचाऱ्यांना, भिंती काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर, संवेदक लावलेली ओळखपट्टी दिली होती. समोरासमोरचा संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि ईमेल व संदेशांवरचा संवाद वाढला. दोनच कंपन्यांवरून सर्वत्र लागू होणारा नियम काढू नये, हा आक्षेप रास्त आहे. पण जंग्सू किम आणि रिचर्ड डी डियर यांनी २०१३ मध्ये ३०३ इमारतींतील ४२ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची उत्तरे तपासली, तेव्हाही संवाद सोपा होण्याचा लाभ हा गोंगाट आणि खासगीपणाचा अभाव यांच्या तोट्यापुढे तोकडाच ठरला.

याचे कारण ध्वनिशास्त्रात सापडते. एकसुरी यंत्राच्या आवाजापेक्षा समजणारे शब्द लक्ष अधिक विचलित करतात, कारण ऐकायचे नसले तरी मेंदू त्यांचा अर्थ टिपत राहतो. शिवाय आजूबाजूला आवाज वाढला की बोलणारा नकळत स्वतःचा आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी हे विसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदवले होते. त्यामुळेच मोकळ्या कार्यालयांच्या मोजमापासाठीच्या, आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या आयएसओ ३३८२-३ या मानकात, बोलणे किती अंतरानंतर अस्पष्ट होते याला महत्त्व दिलेले आहे. ज्यांना भिंती नकोच आहेत त्यांनी निदान आवाज शोषणारे छत, पुरेसे उंच पडदे आणि फोनसाठी दार असलेल्या लहान खोल्या यांवर आधी खर्च करावा.

भिंती गेल्या की लोक बोलू लागतात, या विधानात एक खरा अंशही आहे. एमा हॅरिंग्टन, नतालिया इमॅन्युएल आणि अमांडा पलाइस यांनी सॉफ्टवेअर अभियंत्यांवर केलेल्या अभ्यासात, आपल्या चमूजवळ बसणाऱ्यांना कामावर अधिक अभिप्राय मिळतो आणि नवख्यांना त्याचा विशेष फायदा होतो, असे दिसले. अर्थात त्याची किंमत शिकवणाऱ्या अनुभवी सहकाऱ्यांनी स्वतःच्या कामात मोजली. परंतु जवळ बसणे म्हणजे दोनशे जणांच्या दालनात बसणे नव्हे. सहा-आठ जणांच्या चमूला दार असलेली एक खोली दिली तरी हा लाभ मिळू शकतो.

ठरलेले टेबल नसल्याने स्वातंत्र्य मिळते, हे विधान तर याच लाभावर पाणी सोडते. शायट/डे या जाहिरातसंस्थेने १९९० च्या दशकात लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथे हा प्रयोग केला. कर्मचाऱ्यांनी रोज सकाळी लॅपटॉप आणि फोन घेऊन जागा शोधायची होती. काहींनी कागदपत्रे गाडीच्या डिकीत ठेवायला सुरुवात केली आणि काही वर्षांत प्रयोग गुंडाळावा लागला. ज्येष्ठ मंडळी सवयीने त्याच खुर्च्या धरून बसतात आणि खरी फिरती नव्या माणसाच्या नशिबी येते, हे अशा व्यवस्थेत सहज घडते. क्रेग नाइट आणि ॲलेक्स हॅस्लम यांच्या २०१० च्या प्रयोगांत स्वतःची जागा स्वतः मांडू दिलेल्या लोकांचे काम सर्वांत चांगले झाले. संशोधकांनी ती मांडणी त्यांच्यादेखत बदलली, तेव्हा तो लाभ नाहीसा झाला.

खेळाच्या टेबलाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. साहेबांच्या नजरेसमोर ते वापरण्याची हिंमत नवखा माणूस क्वचितच करतो.

उमेदवाराला भेटीच्या वेळी रंगीत भिंत दिसते, छताचा ध्वनिशोषक थर दिसत नाही; म्हणून काटकसरीची वेळ आली की तो थर आधी वगळला जातो. कार्यालय दाखवायचेच असेल तर सगळे कामात गर्क असतानाच्या वेळी दाखवावे, आणि उमेदवाराला रुजू झाल्यावर जी खुर्ची मिळणार आहे तिच्यावरच अर्धा तास बसू द्यावे.