नो वायफाय अडॅप्टर फाउंड म्हणे!

काल रात्री झोपताना माझा लिनक्सवाला लॅपटॉप अपडेटला लावला, एवढाच माझा गुन्हा. सकाळी नऊच्या मीटिंगला उघडतो तर वायफायचं चिन्हच गायब. सेटिंग्जमध्ये पाटी: ‘नो वायफाय अडॅप्टर फाउंड’. अरे, सापडत नाही म्हणजे काय? मदरबोर्डवर सोल्डर केलाय तो, पळून जाणार कुठे! टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय, म्हणजे आतल्या हार्डवेअरची यादी देणारी कमांड, मारलं तर यादीत हजर, नावागावासकट. वायरलेस बंद-चालू दाखवणाऱ्या आरएफकिलमध्येही काही ब्लॉक नाही. फक्त त्याला चालवणारं कुणी नाही.

सहा महिन्यांतली ही तिसरी खेप. या वायफाय चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नाही. बनवणाऱ्यांनी चिप विकली, विंडोजपुरता ड्रायव्हर दिला आणि हात झटकले. मग कुणीतरी भला माणूस फुकटात राबून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, ड्रायव्हर टाकतो, तो आपण उतरवायचा, आपल्याच मशिनवर कंपाइल करायचा, म्हणजे कोडमधून चालता प्रोग्राम बांधायचा. कर्नल बदलला की मोड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा हा ड्रायव्हर, पुन्हा बांधायचं. ते आपोआप बांधणारं डीकेएमएस आहे की, पण त्याला नव्या कर्नलचे हेडर, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या त्याच्या फाइली, लागतात. काल कर्नल आला, हेडर आलेच नाहीत. अपडेटच्या शेकडो ओळी धडधडत वर गेल्या, त्यात एक ओळ हेच सांगत होती. रात्री साडेअकराला ती कोण वाचतंय?

आता हेडर उतरवायला नेट हवं, नेटला वायफाय हवं, वायफायला हेडर हवेत. लॅनची वायर लावावी तर या ‘स्लिम’ लॅपटॉपला लॅनचं पोर्टच नाही. शेवटी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं. ते एका झटक्यात चाललं! त्याने तर डोकं आणखीच फिरलं. म्हणजे जमतं की या लिनक्सला, मनात आणलं तर.

पहिल्या खेपेला याच्यावर कडी होती. ड्रायव्हर बिनचूक बांधला, तर सिक्युअर बूट, म्हणजे मशिन सुरू होतानाचा पहारेकरी, म्हणे डिजिटल सही नसलेलं मोड्यूल घेणार नाही. सही मंजूर करायला पासवर्ड ठरवा, रीस्टार्ट करा, निळा स्क्रीन येईल, तिथे दहा सेकंदांत की दाबा. मी गॅसवरचं दूध बघायला उठलो. दहा सेकंद! गेली संधी, पुन्हा पहिल्यापासून. मग वायफाय लागलं ते दर पाच मिनिटांनी डुलक्या घेणारं. पॉवर सेव्हिंग बंद करायचं तर नेटवर्क मॅनेजरच्या, म्हणजे नेट जोडणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलमध्ये ३ चं २ करायचं. २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. हे ज्याला सुचलं त्याच्या घरची दिव्याची बटणं मला एकदा बघायची आहेत.

आणि उंटावरून शेळ्या हाकणारे आहेतच. ‘लॅपटॉप घेताना चिप बघून घ्यायची ना!’ कुठे बघायची? खोक्यावर ‘वायफाय ६’ एवढंच छापलेलं. दुकानातल्या पोराला चिप कुणाची म्हणून विचारलं तर तो म्हणाला, ‘सर, रेंज एकदम फुल येते.’ मग पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, साडेचारशेचा वायफायचा यूएसबी डोंगल आणला. ‘लिनक्सवर चालेल?’ ‘सगळ्यावर चालतं साहेब.’ घरी लावला तर त्याने स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून जाहीर केलं, आणि त्या सीडीत विंडोजची सेटअप फाइल!

बरं, फक्त खुलंच सॉफ्टवेअर या तत्त्वाला चिकटून राहणारे डेबियनवालेसुद्धा (डेबियन हा लिनक्सचाच एक अवतार) यापुढे नमले. २०२२ मध्ये मतदान घेऊन त्यांनी बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा कंपनीचा कोड, इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं, आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते येतं. पण माझं दुखणं फर्मवेअरचं नाही, आख्खा ड्रायव्हरच बाहेरचा आहे. त्याला मतदान घेऊन काय होणार?

हो, जुन्या कर्नलवर बूट केलं की वायफाय चालतं, ठाऊक आहे. तेच करून मीटिंगला शिरलो, पण तोवर नऊ वाजून पंचवीस झालेले. मॅनेजरला कारण काय देणार, हेडर आले नव्हते? लाइट गेली होती म्हणून सांगितलं. ते लगेच पटलं.