बाहेर बसायचं तर घड्याळ बघून बसा

एप्रिल लागला की फ्रीलान्सरांच्या ग्रुपवर तेच फोटो फिरायला लागतात. झाडाखाली लॅपटॉप, शेजारी कॉफीचा मग, खाली ओळ: 'आजचं माझं ऑफिस'. फोटो बहुतेक डोंगरातले नाहीतर गोव्यातले. ते बघून आपली नवी पोरं मे महिन्यात सकाळी 11 वाजता बॅग पाठीला लावून नागपूरच्या फुटाळा तलावावर निघतात आणि मग मला मेसेज येतो, "ताई, स्क्रीनच दिसून नाही राहिली."

दिसेल कशी? साध्या लॅपटॉपची स्क्रीन 250-300 निट्सची (निट म्हणजे स्क्रीनचा उजळपणा मोजायचं माप). ती घरातल्या उजेडासाठी केलेली. बाहेर सावलीतला उजेडसुद्धा तिला झेपत नाही. त्यात पोरं डार्क मोड लावतात, म्हणजे काळ्या काचेत आपलंच तोंड बघत बसायचं. बाहेर पांढरी पार्श्वभूमी आणि काळी अक्षरंच बरी. कपड्यांचाही घोळ आहे. उन्हाळ्यात आपण पांढरं सुती घालतो, ते योग्यच, पण चकचकीत स्क्रीनमध्ये तो पांढरा कुर्ता ट्यूबलाइटसारखा उमटतो. मी गडद निळा सुती कुर्ता घालते आणि पाठीशी जाड खोड किंवा भिंत येईल अशी बसते. मागचं जितकं काळोखं, तितकी स्क्रीन स्पष्ट. तरी रंगांचं काम बाहेर करायचं नाही. मी डिझाइन करते, म्हणून सांगते: उजेडात सगळं फिकं दिसतं, आपण ते गडद करत जातो आणि घरी येऊन उघडलं की डोक्याला हात. बाहेर फक्त मजकूर, कोटेशन, ईमेल.

पण माझं खरं म्हणणं वेळेबद्दल आहे. फ्रीलान्सिंगमुळे कुठेही बसून काम करता येतं, हे सगळे कौतुकाने सांगतात. नागपूरच्या उन्हाळ्यात त्या 'कुठेही'ला काय चाटायचंय? 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश नोंदले गेले. (2024 च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवले आणि देशभर आपलं नाव झालं. पुढे हवामान खात्याने सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं. पण आपल्यापैकी कित्येकांना तो आकडा खराच वाटला होता, यातच सगळं आलं.) आपल्याला कामाचे तास हलवता येतात, ते हलवा. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडतं. तेव्हापासून साडेआठपर्यंत बाहेर बसून खरंच काम होतं. संध्याकाळचं मला कोणी सांगू नका. सूर्य पावणेसातला मावळला तरी डांबर आणि भिंती दिवसभराची आग सोडतच असतात, वर डास.

सकाळच्या बागेत अडचण एकच, फिरायला आलेले काका. "काय करून राहिली बेटा? घरी नेट नाही का?" काम आहे म्हटलं तर शेजारी बसून स्क्रीनमध्ये डोकावतात. एकांनी तर आपल्या नातीचा बायोडेटा करून मागितला. करून दिला.

मशीनचं ऐका. अ‍ॅपल आपल्या मॅकबुकसाठी 10 ते 35 अंशांची हवा सांगते आणि त्यावर गेलं तर बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असंही सांगते. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी नऊ-साडेनऊलाच 35 ओलांडतात. पंखा आत ओढणार ती हवाच तापलेली, मग प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. हॉटस्पॉट चालू असलेला फोन उन्हात ठेवला की तोही तापून स्क्रीन मंद करतो. गरम मशीन चार्जिंगला लावू नका, घरूनच भरून न्या. आणि लॅपटॉप बंद कारमध्ये ठेवून रसवंतीवर जाऊ नका. माणसाचं त्याहून वाईट. आपली हवा कोरडी, घाम आला तरी तिथल्या तिथे वाळतो, म्हणून अंगातलं पाणी गेलेलं कळत नाही. कामात डोकं घातलं की तहानही विसरते. बाटली बॅगेत नको, समोर ठेवा.

आता क्लायंट. 10 ते 7 ऑनलाइन दिसा, असं म्हणणाऱ्यांना मी सरळ शाळांचं उदाहरण देते. राज्यातल्या बाकी शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भातल्या त्यानंतर, उन्हामुळेच. दुपारी आपल्याकडे काही चौकांतले सिग्नलसुद्धा बंद ठेवतात, लोक उन्हात उभे राहू नयेत म्हणून. शासन आणि ट्रॅफिक पोलिसांना जे समजतं ते पुण्या-बंगळुरूच्या मॅनेजरला समजायला काय हरकत आहे? एप्रिल ते जून माझ्या कोटेशनमध्येच लिहिलेलं असतं: काम सकाळी 6 ते 11 आणि दुपारी 4 नंतर, मधल्या वेळेत कॉल नाही. काही जण मान्य करतात, काही जण दुसरा माणूस शोधतात. शोधू द्या. नव्या पोरांना हे लगेच जमणार नाही, मान्य. पण निदान नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तरी मागून बघा.

अगदीच अडलं तर दुपारचा कॉल मी घरात कुलरसमोर घेते. "तिकडे पाऊस चालू आहे का?" हा प्रश्न ठरलेला. कुलर आहे म्हटलं की पुढचा, "एसी का नाही घेत?" कोरड्या हवेत कुलरच्या ओल्या वाळ्याच्या ताट्यांचं काम एसीच्या किती कमी विजेत होतं, ते मुंबईवाल्याला कोण समजावणार! जूनमध्ये हवा दमट झाली की कुलरही चिकचिक करायला लागतो. तेव्हाचं तेव्हा बघू.